गोळी आहे, परिचारिका कोठे आहे?

मनोरुग्णांसाठी शासन काय करते असे विचारले की अधिकारी औषधसाठ्याचा तक्ता पुढे करतात. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झपिन. आवक किती, जावक किती, शिल्लक किती. ही औषधे आता स्वस्त आहेत आणि ती मोफत मिळावीत अशी मागणी आपणही करीत आलो आहोत. परंतु गोळी पोटात गेल्यावर रुग्णाचे काय होते हे पाहणारे माणूस त्या तक्त्यात कोठेही नसते. ते माणूस म्हणजे मनोरुग्ण-परिचर्येचे शिक्षण घेतलेली परिचारिका.

हे मी ग्रंथांतून शिकलो नाही. १९८६ साली माझ्या धाकट्या भावाला एका सरकारी रुग्णालयात दाखल करावे लागले. हॅलोपेरिडॉल सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना. जेवताना उठे, रात्रभर वॉर्डात येरझाऱ्या घाली. "दादा, पाय माझं ऐकत नाहीत," असे तो मला म्हणाला. कक्षसेवकाने नोंद करविली, ‘रुग्ण उग्र’. औषधाची मात्रा वाढली, येरझाऱ्या वाढल्या, पुन्हा मात्रा वाढली. दहाव्या रात्री पाळीवर आलेल्या एका परिचारिकेने त्याच्या खाटेवर बसून एवढेच विचारले की तगमग मनात आहे की पायांत? सकाळी ती डॉक्टरांशी बोलली. मात्रा उतरविताच भाऊ दोन-तीन दिवसांत पाटावर बसून जेवू लागला. त्याला जो त्रास होत होता तो रोगाचा नव्हता, औषधाचा होता. मात्र त्या दहा दिवसांनंतर औषधावरचा त्याचा विश्वास जो उडाला तो कधीच पुरता परत आला नाही.

या औषधांच्या बाबतीत दुष्परिणाम आणि आजार एकमेकांचे सोंग घेतात. मान वाकडी होऊन जीभ अडकली तर ‘नाटक करतो’ म्हणतात. चेहरा दगडासारखा झाला तर ‘आता शांत झाला’ म्हणतात. ताप चढून अंग ताठ झाले तर ती घटकेची आणीबाणी असते आणि औषध तात्काळ थांबवावे लागते. क्लोझपिन घेणाऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी सुरुवातीला दर आठवड्याला मोजाव्या लागतात, आणि त्याचे साधे बद्धकोष्ठही जिवावर बेतू शकते. ओलान्झपिनने वजन व साखर वाढते. डॉक्टर फेरीला येतो आणि जातो. उरलेला सारा दिवस आणि सगळी रात्र हे कोणी पाहायचे?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातील हिशेब स्पष्ट दिसतो. गोळी मोजता येते, तिची निविदा निघते, निविदेत अनेकांचे हितसंबंध असतात. निरीक्षणाची निविदा निघत नाही. परिचारिकेचा पगार हा ‘आस्थापना खर्च’, आणि तिचे पद रिक्त राहिले तर ती ‘बचत’! ही बचत कोणाच्या शरीरातून वसूल होते, हे कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यातील सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा वृत्तपत्रांना रुग्णांची गैरसोय तेवढी दिसली. ठेक्यावरची, आज येथे तर उद्या तेथे असणारी परिचारिका रुग्णाचे कालचे चालणे आजच्या चालण्याशी कशी ताडून पाहणार?

आपल्यातीलच काही विद्वान मित्र म्हणतात की गोळी हीच मुळी बेडी आहे. हे मला मान्य नाही. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि जन्मभर कोंडलेल्या असंख्य माणसांना घरी जाता आले. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडीच्या आगीत अठ्ठावीस मनोरुग्ण होरपळून मेले. ते औषधाने नव्हे, साखळदंडाने जखडलेले होते. औषधाला नकार देणे ही चैन ज्यांच्या घरात आजार नाही त्यांना परवडते.

तरीही या मित्रांच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९७ प्रमाणे केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून रुग्णाला जखडून ठेवता येत नाही. कायदा उत्तम आहे. पण कर्मचारी अपुरेच राहिले आणि दोरही निषिद्ध झाला, तर दोराचे काम कोण करणार? रात्रीची वाढीव मात्रा! दोराचा वळ मनगटावर दिसतो, मात्रेचा दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

आणि आपण? येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या दारावर आपला मोर्चा शेवटचा केव्हा गेला होता? मनोरुग्णाची मतपेढी नाही, त्याची युनियन नाही, आणि त्याचे नातेवाईक लोकलाजेने गप्प असतात. कामगारांच्या पक्षाने परिचारिकेची बाजू घेतली ती वेतनश्रेणीपुरती. तिच्या हाताखाली किती रुग्ण असावेत, हा प्रश्न आपण तिचा खाजगी समजलो. खरे पाहता तिची मागणी आणि रुग्णाची मागणी एकच आहे.

या चार शहरांतील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावेत. औषधसाठा विचारू नये, तो ते आपणहून सांगतील. रात्रपाळीला प्रत्येक वॉर्डात किती परिचारिका असतात, त्यांपैकी किती जणींनी मनोरुग्ण-परिचर्येचे शिक्षण घेतले आहे, आणि रुग्णांचे वजन व रक्त शेवटचे केव्हा तपासले, एवढेच विचारावे. उत्तरे आली की पुढील अधिवेशनापूर्वी ती आपल्या आमदारांच्या हाती द्यावीत.