रिपोर्टमध्ये तांबे कमी, म्हणून तांब्याचे पाणी? थांबा!



रक्ताच्या रिपोर्टवर आकड्यापुढे ‘लो’ दिसले की आपल्या घरात त्याचा एकच अर्थ होतो. काहीतरी कमी आहे, ते भरून काढा. हिमोग्लोबिन कमी असेल तर बीट आणि पालेभाजी, कॅल्शियम कमी असेल तर गोळ्या. ही सवय वाईट नाही. पण एका तपासणीच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. त्या तपासणीचे नाव सिरुलोप्लाझ्मिन. नाव जिभेला वळत नाही, पण लक्षात ठेवा. शरीर तांब्याची विल्हेवाट नीट लावते की नाही, हे बघण्यासाठी ती करतात. तिच्यासोबत बहुतेक वेळा रक्तातले तांबेही मोजतात.

दोन्ही आकडे कमी आले की शेजारची मावशी लगेच म्हणते, “पोराच्या अंगात तांबं कमी आहे गं, रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी ठेव, सकाळी उपाशीपोटी दे.” वाकोल्याच्या वस्तीत घरोघर फिरताना हल्ली तांब्याची बाटली आम्हाला बऱ्याच घरांत दिसते. एके काळी ज्या घरांतल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना आपली सावलीही चालत नव्हती, त्यांची ‘तांब्याचे पाणी अमृत’ ही शिकवण आपण मात्र विनातक्रार उचलली आहे. धडधाकट माणसाने त्यातले साधे पाणी प्यायले तर लगेच काही होत नाही. पण ज्या मुलाचा हा रिपोर्ट ‘लो’ आला आहे, त्याच्या पोटात कदाचित तांबे आधीच साठून राहिलेले असते. त्याला तांब्याचे पाणी देणे म्हणजे विषावर विष.

रक्तात कमी आणि शरीरात जास्त, हे कसे? गल्लीतल्या कचऱ्याकडे बघा. डाळी, दाणे, कलेजी, शिंपल्या अशा अन्नातून थोडे थोडे तांबे रोज पोटात जाते. शरीराला ते लागते, पण अगदी थोडे. हे तांबे यकृतात येते. यकृत गरजेपुरते तांबे सिरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनाच्या गाडीत भरून रक्तात पाठवते आणि उरलेले पित्तावाटे शौचातून बाहेर टाकते. ही भरण्याची आणि टाकण्याची दोन्ही कामे ज्या यंत्रणेकडे आहेत ती काही मुलांत जन्मतःच बिघडलेली असते. मग गाडी रिकामीच निघते आणि रक्तात गेल्यावर लवकर मोडते. पित्ताची वाटही बंद. म्हणून रक्ताच्या रिपोर्टमध्ये गाड्या कमी दिसतात, आणि गल्लीत, म्हणजे यकृतात, ढीग वाढत जातो. पुढे तो मेंदूत आणि डोळ्यांत सांडतो. याला विल्सनचा आजार म्हणतात. विल्सन या डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. साधारण तीस हजारांत एकाला तो होतो असे मानतात. म्हणजे आजार दुर्मीळ आहे, पण मुंबईची लोकसंख्या लक्षात घेता इथे असे रुग्ण शेकड्यांनी निघतील.

घाबरून सगळ्यांनी ही तपासणी करायला धावू नये, हेही सांगितले पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडे होणारी बहुतेक कावीळ दूषित पाण्याची असते आणि काही आठवड्यांत उतरते. संशय घ्यायचा तो वेगळ्या चित्राचा. पाच वर्षांपासून पस्तिशीपर्यंतचा मुलगा किंवा मुलगी. कावीळ पुन्हा पुन्हा होते, किंवा पोटात पाणी भरते, पाय सुजतात, आणि दारूचा किंवा हिपॅटायटीसचा काही संबंध सापडत नाही. कुणाला कावीळ आणि रक्त एकदम कमी होणे, दोन्ही बरोबर येते. दुसऱ्या कुणाला कावीळ नसतेच. अक्षर बिघडते, हात थरथरतो, बोलणे जड होते, लाळ गळते, हुशार पोर वर्गात मागे पडते, शांत पोरगी चिडकी होते.

इथेच आपला समाज सर्वात जास्त वेळ घालवतो. मास्तर म्हणतात आळशी झाला, आई म्हणते मोबाइलने बिघडला आणि आजी म्हणते बाहेरचे लागले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून गुपचूप भगताकडे जाणारे आम्ही पाहिले आहेत. कावीळ ‘उतरवणारे’ तर अजून जोरात आहेत. हात धुतलेले पाणी पिवळे झाले की कावीळ निघाली म्हणायची. झाडाच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात बुडवला की कुणाचेही पाणी पिवळे होते, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे गावोगाव करून दाखवतात. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते हेच की परंपरेने आले, ऐकिवात आहे, म्हणून मानू नका. दर रविवारी विहारात वंदना म्हणायची आणि सोमवारी पोराच्या गळ्यात काविळीची माळ घालायची, हे आम्हाला पटत नाही. आजार बरा होण्यासारखा असताना माळेत गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

आता आकड्यांचे. मोठ्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सिरुलोप्लाझ्मिन साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असते. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली त्या लॅबची मर्यादा बघावी. आकडा १० च्याही खाली आला तर विल्सनचा संशय दाट होतो. १० ते २० मध्ये आला तर नक्की काही सांगता येत नाही. आणि २० च्या वर आला म्हणून सुटलो, असेही नाही. ताप, जंतुसंसर्ग, यकृताची सूज, गरोदरपण, संततिनियमनाच्या काही गोळ्या, यांनी हा आकडा वर जातो. म्हणजे आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. उलटही घडते. तान्ह्या बाळात हा आकडा स्वभावतःच कमी असतो. फार कुपोषित मुलात, लघवीतून प्रथिने जाणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजारात, यकृत दुसऱ्याच कारणाने निकामी झाले असेल तर, अशा वेळी विल्सन नसतानाही तो खाली येतो. आपल्या वस्त्यांत कुपोषण आहे, हे डॉक्टरांनीही ध्यानात ठेवायला हवे.

म्हणून या एका कागदावर निदान होत नाही, आणि एका कागदावर नाकारताही येत नाही. डोळ्यांचे डॉक्टर खास यंत्राने बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे आहे का बघतात. मेंदूची लक्षणे असलेल्या बहुतेकांत ते सापडते, नुसत्या यकृताच्या रुग्णांत निम्म्यांच्या आसपास. शेवटी गरज पडली तर यकृताचा तुकडा किंवा जनुकाची तपासणी. आणि मधली, सर्वात उपयोगी पण आपल्याला सर्वात अवघड तपासणी म्हणजे चोवीस तासांच्या लघवीतले तांबे. आजाराची लक्षणे असलेल्या माणसात ते बहुधा १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाते. मुलांत ४० च्या वर गेले तरी डॉक्टर सावध होतात.

“चोवीस तासांची लघवी आणा,” असे खिडकीतून सांगणे सोपे आहे. ज्या घरात संडास नाही, जिथे सार्वजनिक शौचालयाला रांग लागते, तिथे चौदा वर्षांच्या मुलीने हे कसे करायचे, याचा विचार सांगणाऱ्याने केलेला नसतो. मग एकदोन वेळची लघवी सांडते, लाजेने कुणी बोलत नाही आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. आम्ही सुचवतो ते असे. शाळेला सुट्टी असेल तो दिवस निवडा, पाळीचे दिवस टाळा. डबा लॅबमधूनच घ्या, घरातला धातूचा डबा नको. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी फेकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, रात्रीचीसुद्धा, स्वच्छ प्लास्टिकच्या मगात घरातच मोरीत घ्यायची, डब्यात ओतायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी शेवटची. एखादी चुकली तर लपवू नका, पुन्हा नव्याने सुरू करा.

सिरुलोप्लाझ्मिनला सगळेच तांब्याचे आजार सापडत नाहीत, हे आपल्या पुण्यानेच दाखवले आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आपल्या देशात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची बाळे यकृत दगडासारखे कडक होऊन दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासोबत शोध घेतला तेव्हा दिसले की या बाळांच्या यकृतात तांबे भरलेले आहे, आणि त्यांना लहानपणीच वरचे दूध दिले गेले होते, तेही तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेले आणि ठेवलेले. दूध तांबे ओढून घेते. १९८३ मध्ये हे ‘लॅन्सेट’ मासिकात छापून आले. या बाळांत सिरुलोप्लाझ्मिन कमी नव्हते, नॉर्मल किंवा जास्तच होते. भांडी बदलली, स्टील आले, आणि हा आजार जवळपास नाहीसा झाला. तेव्हा आजीचे पितळी पातेले बाहेर काढण्याची हौस असेल तर आधी कल्हई करून घ्या, आणि कल्हई उडालेल्या किंवा तांब्याच्या भांड्यात दूध, ताक, लिंबूपाणी, आमटी ठेवू नका.

विल्सनचा आजार मात्र भांड्याने होत नाही. आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेले जनुक आले तरच होतो. दोघेही स्वतः ठणठणीत असतात. म्हणून सुनेला “तुझ्या माहेरचे दुखणे” म्हणून बोल लावणे चुकीचेच, कारण अर्धा वाटा सासरचा आहे. मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत आपल्यातही चालते. अशा नात्यात दोघांकडे तेच बिघडलेले जनुक असण्याची शक्यता वाढते. एका मुलाला आजार निघाला की प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारांत एक. ते भावंड आज खेळत-हुंदडत असले तरी त्याची तपासणी झालीच पाहिजे, कारण लक्षणे येण्याआधी औषध सुरू झाले तर ते जवळपास निरोगी आयुष्य जगू शकते. लग्न मोडेल म्हणून बहिणीची तपासणी टाळणारे आईबाप आम्हाला भेटले आहेत. तपासणी टाळल्याने आजार टळत नाही, फक्त औषध लांबते.

औषध आहे, हेच तर या आजाराचे वेगळेपण. १९५६ साल आपल्याला कुणी सांगायला नको. त्याच वर्षी जॉन वॉल्श या ब्रिटिश डॉक्टरांनी पेनिसिलामाइन हे औषध या आजारावर चालते असे दाखवले. ते तांबे ओढून लघवीतून बाहेर काढते. जस्ताच्या गोळ्या अन्नातले तांबे आत शिरू देत नाहीत. दोन्ही उपाशीपोटी घ्यायची, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, आणि दोन्ही एकदम नाही. कलेजी, खेकडे, कोळंबी, शिंपल्या, दाणे, चॉकलेट निदान पहिले वर्षभर बंद. सुरुवातीला काहींचा थरथराट वाढतो, अंगावर पुरळ येते. अशा वेळी गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना गाठा. रक्त आणि लघवी वेळोवेळी तपासत राहावे लागते. बाळंतपणातही औषध थांबत नाही, फक्त प्रमाण बदलते.

गोळ्या जन्मभराच्या. बरे वाटले म्हणून सोडल्या की काही महिन्यांत यकृत एकदम बसू शकते. आणि इथे दोष नेहमी रुग्णाचा नसतो. सरकारी औषधखिडकीवर “संपले, बाहेरून आणा” ही चिठ्ठी किती घरांचे औषध तोडते, ते आम्ही पाहतो. आमची मागणी साधी आहे. शीव, केईएम, नायर यांसारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी आणि ही औषधे अखंड आणि मोफत मिळावीत, आणि रिपोर्ट हातात देताना तो मराठीत समजावून सांगणारे माणूस खिडकीवर असावे. तोपर्यंत, गोळ्या पंधरा दिवसांच्या उरल्या की केसपेपर घेऊन निघा, शेवटच्या पाकिटाची वाट बघू नका. खिडकीवर औषध नसेल तर तसेच परत न येता ओपीडीतल्या डॉक्टरांकडून त्याच दिवशी पर्याय लिहून घ्या.