दिलेलें आधीं तपासावें

गेल्या सत्रांत मीं नववीच्या वर्गास एक उदाहरण घातलें: त्रिकोणाच्या बाजू ३, ४ व ९ सेंटिमीटर, क्षेत्रफळ काढा. बहुतेकांनीं सूत्र लाविलें, आणि वर्गमुळाखालीं ऋण संख्या येतांच ते गोंधळून गेले. असा त्रिकोणच होऊं शकत नाहीं, हें आरंभीं एकाच मुलीनें सांगितलें.

हा दोष मुलांपुरता नाहीं. ‘लिबवेबपी’ नांवाची गूगलची एक लायब्ररी आहे; संक्षिप्त करून ठेविलेलें चित्र उलगडून दाखविणें हें तिचें काम. ती सर्वांस मोफत खुली असल्यामुळें क्रोम, फायरफॉक्स इत्यादि अनेक साधनें तीच वापरतात. चित्र उलगडतांना ती संकेतांचें एक कोष्टक रचते. त्यासाठीं किती जागा लागेल हें आधींच ठरवून तेवढीच राखलेली असे. नियमानुसार केलेल्या चित्रास ती पुरे. परंतु कोणी मुद्दाम विकृत चित्र पाठविलें, तर कोष्टक मर्यादेबाहेर जाऊन शेजारच्या स्मृतींत लिहिलें जाई, व त्या वाटेनें परक्याच्या आज्ञा यंत्रांत शिरूं शकत.

सप्टेंबर २०२३ मध्यें ॲपलचा सुरक्षा-विभाग व टोरोंटो विद्यापीठांतील ‘सिटिझन लॅब’ यांनीं हा दोष गूगलला कळविला. दुर्जनांच्या हातीं तो आधींच लागला होता. ११ तारखेस क्रोमची व १२ तारखेस फायरफॉक्सची सुधारलेली आवृत्ति निघाली. दुरुस्ती काय, तर कोष्टक भरण्यापूर्वीं मजकूर ग्राह्य आहे कीं नाहीं हें पाहावें, व जागा अपुरी असल्यास वाढवावी!

कोणी म्हणतील, फुकटच्या वस्तूचें असेंच व्हावयाचें. मला तें पटत नाहीं. ती खुली होती म्हणूनच दुरुस्तीही कोणास पाहतां व घेतां आली. चूक होती ती ‘पाठविणारा नियम पाळीलच’ या समजुतीची. आणि ही समजूत आम्ही शिक्षकच रुजवितों, कारण आमच्या प्रश्नपत्रिकेंत दिलेलें सदैव खरेंच असतें. माझें मत असें कीं, प्रत्येक परीक्षेंत एक तरी अशक्य उदाहरण असावें, व तें ओळखणारास पूर्ण गुण मिळावे.

पालकांसही एक विनंति. फोनवर नवी आवृत्ति आल्याची सूचना दिसली, तर ‘मग पाहूं’ म्हणूं नये. कुलूप बाजारांत आलें, तरी तें आणून लावीपर्यंत आपलें दार उघडेंच असतें.