मनोविकार पडद्यावर आले; पण कोणाचे?

खास प्रतिनिधी, अहिल्यानगर

नगर-शिर्डी रस्त्यावरील शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य ‘माऊली सेवा प्रतिष्ठान’च्या माध्यमातून रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांचा सांभाळ करीत आहे. या स्त्रिया वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या. कोणाची भाषा कोणती, जात-धर्म कोणता, घर कोठे, हे पहिल्या दिवशी कळत नाही; पुष्कळदा त्यांनाही सांगता येत नाही. मनोविकारावरील चित्रपट आणि लघुपट यांची आपल्याकडे आता बऱ्यापैकी परंपरा तयार झाली आहे. परंतु या स्त्रिया जेथून आल्या, ती घरे आणि त्या वस्त्या त्या परंपरेत कितपत दिसतात, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

मराठीपुरते बोलायचे तर या विषयात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे काम पायाभूत आहे. २००४ मधील ‘देवराई’ने स्किझोफ्रेनिया हा शब्द मराठी घरांत पोहोचविला. ‘अस्तु’ने स्मृतिभ्रंश, तर ‘कासव’ने नैराश्य समजावून दिले. ‘कासव’ला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. या चित्रपटांशी जोडलेले अभिनेते डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. चित्रपट दाखवून नंतर प्रेक्षकांशी चर्चा करण्याचा उपक्रम त्यांनी ठिकठिकाणी राबविला. या साऱ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र या कथांमधील रुग्णाभोवती बहुधा सुशिक्षित माणसे आहेत. डॉक्टरकडे जायला हवे हे त्यांना ठाऊक आहे, आणि डॉक्टर त्यांच्या आवाक्यात आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याचे चित्र वेगळे आहे. क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा असा हा चौदा तालुक्यांचा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर, पाथर्डी-शेवगावात सहा-सहा महिने घर सोडणारे ऊसतोड मजूर, मढीच्या यात्रेला जमणारे भटके समाज, शहरातील जुन्या मुस्लिम वस्त्या. येथे मनाचे दुखणे ‘डिप्रेशन’ या नावाने सांगितले जात नाही. कोठे ‘बाहेरची बाधा’ म्हणतात, कोठे ‘करणी’. कोणाच्या ‘अंगात येते’, तर कोणी नुसतेच ‘जिवाला चैन नाही’ म्हणते. पारध्यांची घरातली बोली तर मराठीही नाही. ती गुजरातीच्या जवळची आहे. फासेपारधी बाईला रात्र-रात्र झोप का येत नाही, हे तिच्या बोलीत विचारणारा कोणी भेटेपर्यंत तिचे दुखणे कोणत्याही नोंदीत येत नाही.

येथेच लघुपटाचे महत्त्व आहे. त्याला तारे लागत नाहीत, वितरक लागत नाही. वस्तीतला तरुण वस्तीच्या भाषेत तो करू शकतो. याचा दाखला याच शहरात आहे. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे विद्यार्थी असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट आकाराला आला. पारधी मुलाच्या शाळेच्या ओढीची ही गोष्ट. तिला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा सन्मान मिळाला. ‘पिस्तुल्या’ मनोविकारावरचा नाही. पण १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या जमाती १९५२ मध्ये ‘विमुक्त’ झाल्या, तरी संशयाचे ओझे पोराच्या मनावर कसे राहते, हे त्यातून समजते. मानसिक आरोग्याचा विचार या ओझ्यापासून वेगळा करता येत नाही.

अर्थात, असे लघुपट करताना दोन धोके संभवतात. पहिला हेटाळणीचा. देवऋषी किंवा दर्गा दाखवायचा आणि तेथे आलेल्यांना अडाणी ठरवायचे, ही सोपी वाट आहे. निलिता वाच्छानी यांनी राजस्थानात चित्रित केलेल्या ‘आईज ऑफ स्टोन’ (१९९०) या अनुबोधपटाने ती टाळली. अंगात येणाऱ्या स्त्रीच्या संसाराकडे त्यांनी शांतपणे पाहिले. मात्र समजून घेणे म्हणजे सारे खपवून घेणे नव्हे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळदंडाने बांधणे हा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार महाराष्ट्रात गुन्हा आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. आश्रयगृहातील स्त्रीचा चेहरा कॅमेऱ्यात टिपला की चित्रपट ‘हृदयस्पर्शी’ होतो. पण तिने संमती दिली होती काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार, उपचार घेत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र वा माहिती तिच्या संमतीविना प्रसारमाध्यमांना देता येत नाही. महाविद्यालयीन स्पर्धांसाठी लघुपट पाठविणाऱ्यांना हे कलम शिकविले जाते काय, याची विचारणा प्राध्यापकांनी आणि परीक्षकांनी स्वतःकडेच करावी. पुण्यातील रेश्मा वल्लियप्पन यांच्यावरील ‘अ ड्रॉप ऑफ सनशाइन’ हा अपर्णा सन्याल यांचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त माहितीपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात स्किझोफ्रेनियाविषयी बोलते ती खुद्द तो अनुभवलेली व्यक्ती.

शेवटी प्रश्न उरतो तो चित्रपट संपल्यानंतरचा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये अकोल्याच्या आदिवासी पाड्यापासून दूरच. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, हा दिलासा आहे, पण फोन करण्याआधी आपल्याला जे होते आहे ते दुखणे आहे, हे उमजावे लागते. ते उमजविण्याचे काम लघुपट करू शकतो. औषध देणे, पाठपुरावा करणे हे त्याचे काम नव्हे. ते शासनाचे आहे.

सुमित्रा भावे मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. ज्या स्त्रियांवर संशोधन केले, त्यांच्यापर्यंत ते परत पोहोचावे म्हणून त्या चित्रपटाकडे वळल्या आणि १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. मनोविकारावरील नव्या लघुपटांनाही हीच कसोटी लावावी. महोत्सवात किती टाळ्या पडल्या यापेक्षा, ज्या वस्तीत तो चित्रित झाला तेथे तो दाखविला गेला काय, आणि त्या दिवशी सोबत एखादा डॉक्टर वा समुपदेशक होता काय, हे विचारले पाहिजे. नगरच्या महाविद्यालयांत कॅमेरे आहेत, तरुण आहेत, वस्त्याही हाकेच्या अंतरावर आहेत. पाड्यावर पडदा लावणे अवघड नाही. त्या दिवशी जिल्हा रुग्णालयाची गाडी तेथे यायला हवी.