घराची किंमत : सांगितलेली आणि रास्त

दरवर्षी एप्रिल महिना जवळ आला, की राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाचे नवे मूल्यदर काय ठरणार, याकडे मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाचे लक्ष लागते. 'रेडी रेकनर' या नावाने घरोघरी परिचित झालेले हे दर २०२२ नंतर प्रथमच २०२५ च्या एप्रिलमध्ये वाढविण्यात आले, आणि ती वाढ राज्याची सरासरी पाहता चार टक्क्यांच्या आसपास होती. तिच्यावर सभासंमेलनांतून आणि वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. सरकार किती घेणार, हा तिचा विषय होता. परंतु घर घेणाऱ्या गृहस्थाला याहून कितीतरी मोठी चाट जेथे बसते, त्या प्रश्नाची वाच्यता मात्र सहसा चारचौघांत होत नाही. विकणाऱ्याने एक किंमत सांगितली; तीतून किती कमी करून मागावी, हा तो प्रश्न होय.

कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करण्यात ज्यांना संकोच वाटत नाही, तेच लोक दीड-दोन कोटींच्या सदनिकेसमोर उभे राहिले म्हणजे एकाएकी भिडस्त होतात. आयुष्यात एकदाच करावयाचा हा व्यवहार. त्याचा अनुभव कोणापाशी नसतो. दलालापाशी तो असतो, पण त्याची दलाली किमतीच्या प्रमाणात ठरत असल्याने किंमत उतरविण्याची त्याला फारशी घाई नसते. मग कोणी आप्त सांगतो, 'दहा टक्के कमी सांगा आणि पाचावर तोडा.' हा सल्ला इतका सर्वतोमुखी झालेला आहे, की तो विकणाऱ्यालाही ठाऊक असतो, आणि म्हणून तो आधीच दहा टक्के चढवून किंमत सांगतो! सांगितलेली किंमत हे मूल्य नव्हे. ती विकणाऱ्याची इच्छा आहे. दुसऱ्याच्या इच्छेतून टक्केवारी वजा करीत बसल्याने रास्त किंमत हाती लागत नाही. ती आपण स्वतंत्रपणे काढावी, आणि सांगितलेल्या किमतीशी तिची तुलना मागाहून करावी. हा क्रम उलटा झाला, की गृहस्थ फसला.

ही रास्त किंमत काढण्याचे साधन कोणते? त्याच इमारतीत किंवा त्याच गल्लीतील तशाच इमारतीत मागील वर्षभरात जे व्यवहार नोंदले गेले, ते पाहणे. नोंदणी कायद्यान्वये 'सूची क्रमांक २' ही जनतेला पाहण्यास खुली आहे, आणि आता ती विभागाच्या संकेतस्थळावरही पाहता येते. तीत मोबदला, सरकारी बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि दिनांक ही चारही अंगे असतात. जाहिरातींतून दिसणारे आकडे मागणीचे असतात. सूचीतील आकडे नोंदलेल्या सौद्यांचे असतात. दोहोंत जमीनअस्मानाचा नसला, तरी पुष्कळदा दहा-पंधरा लाखांचा फरक असू शकतो.

उदाहरणादाखल असे समजू, की मुंबईच्या उपनगरात ६०० चौरस फूट चटईक्षेत्राच्या जुन्या सदनिकेस १ कोटी ८० लाख सांगितले आहेत; म्हणजे दर चौरस फुटाला ३०,००० रुपये. सूचीत मात्र त्याच इमारतीतील अलीकडचे तीन सौदे २७,००० च्या आगेमागे आहेत. या दराने किंमत १ कोटी ६२ लाख होते. इमारतीची मोठी दुरुस्ती ठरलेली असून प्रत्येक सभासदाच्या वाट्याला चार लाख येणार, असे संस्थेच्या सभावृत्तांतात दिसले; ते वजा करून १ कोटी ५८ लाख उरले. ही आपली वरची मर्यादा. पहिला शब्द याच्याही थोडा खालचा, दीड कोटीचा, टाकण्यास हरकत नाही. परंतु वरची मर्यादा घरी कागदावर लिहून मगच बोलणीस बसावे, कारण बैठकीतील चहाबरोबर ती विरघळण्याचा संभव फार.

या २२ लाखांच्या अंतराचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांवरील गृहकर्ज घराच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे मिळत नाही. त्यामुळे १ कोटी ५८ लाखांच्या सौद्यास स्वतःचे साडेएकोणचाळीस लाख लागतात. मुंबईतील सहा टक्के मुद्रांक शुल्काचे सुमारे साडेनऊ लाख आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. एकूण एकोणपन्नास लाखांवर. सांगितलेलीच किंमत मान्य केली, तर हीच रक्कम छप्पन्न लाखांवर जाते आणि कर्ज साडेसोळा लाखांनी वाढते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांची फेड धरली, तर या वाढीव कर्जाचाच मासिक हप्ता चौदा हजारांहून अधिक होतो, आणि अखेरपर्यंत त्यापोटी चौतीस लाख भरावे लागतात. दोन मुलांच्या उच्च शिक्षणाची तरतूद अशा रीतीने एका बैठकीतल्या भिडेपायी निघून जाऊ शकते.

तथापि घासाघिशीला खालूनही एक मर्यादा आहे, आणि ती पुष्कळांना अज्ञात असते. मुद्रांक शुल्क हे करारातील किंमत आणि सरकारी मूल्य यांपैकी जी रक्कम अधिक, तिच्यावर आकारले जाते. सरकारी मूल्य करारातील किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर प्राप्तिकर कायदा सगळा फरक घेणाऱ्याचे उत्पन्न समजून त्यावर कर मागतो. विकणाऱ्याच्या नफ्याचा हिशेबही मग सरकारी मूल्यानेच होतो. वरील सदनिकेचे सरकारी मूल्य १ कोटी ८० लाख असते, तर १ कोटी ५८ लाखांत मिळालेले घर स्वस्त ठरले नसते. बचतीच्या २२ लाखांवर कराची नोटीस आली असती. मूल्यांकनाविरुद्ध दाद मागण्याची वाट आहे, पण ती लांबची आणि कंटाळवाणी आहे. म्हणून पहिला शब्द टाकण्यापूर्वी सरकारी दर पाहून घ्यावा. कित्येक भागांत तो बाजारभावाच्या बराच खाली असतो, आणि तेथे ही अडचण उद्भवत नाही.

नव्या इमारतीतील सदनिकेची गोष्ट थोडी निराळी. बांधकाम व्यावसायिक दर उघडपणे उतरवीत नाही, कारण एका सदनिकेचा दर उतरला की उरलेल्या सगळ्यांचा उतरतो. त्याऐवजी तो 'मुद्रांक शुल्क आमच्याकडे', 'वरच्या मजल्याचा अधिभार माफ', अशी आमिषे दाखवितो. या प्रत्येक आमिषाचे रुपये करावेत आणि ते किमतीतून वजा करून पाहावे. बांधकाम चालू असलेल्या घरावर सामान्यतः पाच टक्के वस्तू व सेवा कर पडतो, परवडणाऱ्या घरांवर एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर झालेल्या विक्रीवर मात्र तो पडत नाही. तयार आणि अपुऱ्या घराची तुलना करताना हा फरक विसरता कामा नये. सवलतीच्या मुदतीची घाईही अशीच घातक. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरपर्यंत राज्य सरकारने मुंबईतील मुद्रांक शुल्क दोन टक्क्यांवर आणले, तेव्हा अखेरच्या महिन्यात नोंदणी कार्यालयांत रीघ लागली. तीन टक्के वाचविण्याच्या घाईत किमतीवरील पाच टक्क्यांचे बोलणे ज्याने सोडले, त्याने काय मिळविले?

किंमत कमी करण्याचा आणखी एक मार्ग सुचविला जातो. तो म्हणजे काही रक्कम रोखीने द्यावी. सभ्य माणसेही हा मार्ग सुचवितात, ही आपल्या समाजाची शोकांतिका आहे. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून बंदी आहे, आणि घेणाऱ्यास तितकाच दंड होऊ शकतो. पण कायद्याचा धाक बाजूस ठेवला, तरी देणाऱ्याचे हित कोठे आहे? रोखीच्या भागावर कर्ज मिळत नाही. सौदा फिसकटला तर त्याची पावती नसते. आणि पुढे घर विकताना आपली खरेदी किंमत कागदावर कमी दिसून नफा फुगतो. शिवाय प्रत्येक खोट्या आकड्याने ती सूची खोटी होते, जिच्यावर उद्याच्या ग्राहकाने विसंबावयाचे आहे.

विकणाऱ्याविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. समोरचा माणूस नेहमीच नफेखोर नसतो. मुले परगावी गेल्यामुळे जन्मभराची कमाई असलेले घर मोडणारे वृद्ध दांपत्यही असते. त्यांना पंचवीस टक्के कमी सांगून पाहणे यात चातुर्य नाही, उद्धटपणा आहे; आणि बहुधा बोलणी तेथेच संपतात. तीन नोंदलेले सौदे आणि दुरुस्तीचा आकडा समोर ठेवून आपला भाव सांगणारा ग्राहक मात्र अपमान करीत नाही. त्याचा भाव नाकारताना विकणाऱ्यालाही कारण द्यावे लागते. भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचे अभिहस्तांतरण, संस्थेची थकबाकी या गोष्टी इसार देण्यापूर्वीच विचाराव्यात, कारण इसार दिल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाने किंमत उतरत नाही, केवळ झोप उडते.

परंतु ही सारी दक्षता एकट्या ग्राहकाच्या शहाणपणावर सोपविणे न्याय्य नव्हे. २०१७ पासून अमलात आलेल्या स्थावर संपदा कायद्याने चटईक्षेत्राची एकच व्याख्या लागू करून मापातील लबाडीला आळा घातला. दरातील अंधार मात्र कायम आहे. सूची खुली आहे खरी, पण ती शोधण्यास गट वा नगरभूमापन क्रमांक ठाऊक असावा लागतो, आणि सामान्य माणसाला इमारतीचे नाव ठाऊक असते. इंग्लंड व वेल्समध्ये १९९५ पासूनच्या घरविक्रीच्या किमती पत्त्यानुसार कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्या नोंदणी विभागापाशी हीच माहिती आहे. खरेदीदार-विक्रेत्यांची नावे वगळून ती इमारतवार आणि चौरस फुटाच्या दरासह प्रसिद्ध करण्यास नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते. प्रत्येक सौद्यातून सहा टक्के घेणाऱ्या सरकारने, तो सौदा डोळस व्हावा एवढे तरी करावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

तोपर्यंत ग्राहकाने आपला गृहपाठ आपणच केला पाहिजे. किती कमी मागावे, याचे उत्तर टक्क्यांत नाही, पुराव्यात आहे. कधी ते बारा टक्के निघेल, कधी दोन, आणि कधी सांगितलेलीच किंमत रास्त असल्याचे आढळेल. तसे आढळल्यास ती निमूटपणे देण्यात कमीपणा नाही. आणि पुराव्यापलीकडे एक रुपयाही खाली न येणारे घर कितीही आवडले असले, तरी ते सोडून जिना उतरण्याची तयारी ठेवली पाहिजे. घासाघिशीचे खरे बळ त्या तयारीत आहे.