आर नि एन मिळून एम!

काय दोस्तांनो, बहुरूपी पाहिलाय का कधी? खाकी कपडे घालून दारात येतो आणि दरडावतो, "चला चौकीवर, वॉरंट आहे तुमच्या नावाचं!" आजी हसते, पसाभर धान्य देते आणि 'फौजदारसाहेब' सलाम ठोकून पुढच्या दारी! त्याचं सोंग सगळ्यांना ठाऊक असतं. इंटरनेटवरचे बहुरूपी मात्र ते कळूच देत नाहीत.

त्यांच्या धंद्याचं नाव फिशिंग. गळ टाकून मासा पकडावा, तसा पासवर्ड पकडायचा. इंग्रजीत मात्र हा शब्द एफने नाही, पीएचने सुरू होतो. म्हणजे शब्दसुद्धा वेष पालटूनच आलाय, बरं का! १९९६ च्या सुमारास तो अमेरिकेत रूढ झाला. 'अमेरिका ऑनलाइन' या कंपनीच्या ग्राहकांना काही टवाळ पोरं कंपनीचे कर्मचारी बनून निरोप धाडायची, 'तुमच्या बिलात घोळ झालाय, पासवर्ड कळवा.' आणि लोक चक्क कळवायचे! शेवटी आमचा कुणीही माणूस पासवर्ड विचारणार नाही, अशी सूचना कंपनीला ग्राहकांसमोर ठेवावी लागली.

कंपनीचं बोधचिन्ह, रंग, अक्षरं यांची नक्कल करायला आज फार वेळ लागत नाही. पण वेबसाइटचा पत्ता? तो एका वेळी एकाच्याच नावावर असतो. मग चोर त्याच्यासारखा दिसणारा पत्ता घेतो. घाईत आपण 'घ' चा 'ध' वाचतो ना, तसंच. इंग्रजी आर आणि एन ही छोटी अक्षरं शेजारी लिहून पाहा. झाला की नाही एम? 'मायक्रोसॉफ्ट' ची नक्कल अशीच करतात. २०१७ मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरं वापरून 'ॲपल' चा पत्ता हुबेहूब करून दाखवला. चोरीसाठी नव्हे, धोका दाखवायला. मग क्रोम ब्राउझरमध्ये दुरुस्ती झाली.

कंपन्या काय करतात? आपल्या नावाचे चुकीचे पत्तेही स्वतःच विकत घेऊन ठेवतात. पण एक नाव शंभर तऱ्हांनी चुकवता येतं, किती घेणार? दुसऱ्याने घेतलाच, तर १९९९ च्या नियमांप्रमाणे तक्रार करून तो परत मिळवता येतो. मात्र त्याला आठवडे लागतात आणि चोराचं काम तासाभरात उरकतं. तेवढ्या वेळात पहारा आपलाच.

आता पत्ता वाचायचा कसा? पाकिटावर 'टिळक रोड' लिहिलं म्हणून पत्र पुण्यालाच जात नाही. टिळक रोड दादरलाही आहे! गाव शेवटी लिहिलेलं असतं. इथेही तसंच. 'मायक्रोसॉफ्ट डॉट खाते-तपासा डॉट कॉम' यात मालक कोण? 'डॉट कॉम' च्या लगेच आधीचा, म्हणजे 'खाते-तपासा'. पुढे लावलेलं मायक्रोसॉफ्ट नुसतं सोंग!

चुकून पासवर्ड दिलाच, तर लपवू नका. तो लगेच बदला आणि घरी सांगा. आईबाबा, तुम्हीही आधी ओरडू नका हं, त्यात वेळ जातो. पैसे गेले असतील तर तडक १९३० हा क्रमांक फिरवा.

आणि हो, वहीत तुमचं नाव इंग्रजीत लिहा. वाचणाऱ्याला कळणार नाही, असं ते किती तऱ्हांनी चुकवता येतं? भावंडाला दाखवून मोजा पाहू!