मेंदूची गंगाजळी

परीक्षांचा हंगाम आला की मध्यमवर्गीय घरांतून ग्लुकोजच्या डब्यांची खरेदी सुरू होते. मेंदू साखरेवर चालतो, ही त्यामागील समजूत चुकीची नाही; मात्र ती अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा परीक्षार्थींपेक्षा पाळण्यातल्या बालकांना अधिक महाग पडतो.

प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या अवघा २ टक्के. पण विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खर्च करतो. यकृतातील साखरेचा साठा तर एक-दीड दिवसाच्या उपवासातच बहुतांशी संपतो. मग लांबलेल्या उपवासात मेंदू तगतो कसा? पाच-सहा आठवडे उपवास केलेल्या स्थूल व्यक्तींची तपासणी करून ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये बोस्टन येथून याचे उत्तर दिले. मेंदूची निम्म्याहून अधिक गरज अशा वेळी कीटोन द्रव्ये भागवितात. शरीरातील मेद मेंदूला जसाच्या तसा फारसा वापरता येत नाही. मोठ्या नोटेचे सुटे करून द्यावे, तसे यकृत त्याचे कीटोन करून देते.

प्रौढाच्या बाबतीत ही अडीअडचणीची तजवीज होय. अर्भकाच्या बाबतीत तो नित्याचा व्यवहार आहे. नाळ तुटताच आईकडून येणारी साखर एकाएकी थांबते, आणि मेंदू तर त्याच काळात झपाट्याने वाढत असतो. मानवाचे मूल बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पिलांहून अधिक मेद घेऊन जन्मते. ती त्याची गंगाजळी. आईच्या दुधातील जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येत असल्याने तीत भर पडत राहते. शिवाय कीटोन केवळ जळणाच्या कामी येत नाहीत. मज्जातंतूंवर चढणाऱ्या स्निग्ध आवरणाच्या घडणीतही त्यांचा कच्चा माल म्हणून उपयोग होतो. चालू खर्च आणि भांडवली गुंतवणूक एकाच खात्यातून व्हावी, असा हा प्रकार आहे. (अपस्मारग्रस्त मुलांना स्निग्धप्रचुर आहार देण्याची पद्धत १९२१ पासूनची आहे, परंतु ते वैद्यकीय उपचार होत. वजन उतरविण्याच्या सध्याच्या टूमेशी त्यांची गल्लत करू नये.)

आपल्याकडे मात्र नवजात बालकाच्या ओठांना पुष्कळदा प्रथम लागते ते मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जन्मानंतर तासाभरात स्तनपान मिळालेली बालके ४१.८ टक्केच होती. याचे खापर केवळ आईच्या अज्ञानावर फोडणे सोयीचे असले, तरी न्याय्य नव्हे. आईचे दूध फुकट असते, हा हिशेब मुळातच खोटा आहे. त्यासाठी आईचा वेळ लागतो आणि मजूर स्त्रीच्या वेळेला रोजाची किंमत असते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, ती संघटित क्षेत्रातील स्त्रियांना. बांधावर मूल ठेवून खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला मातृवंदना योजनेचे, तेही पहिल्या अपत्यासाठी, ५००० रुपये येतात. सहा महिने निव्वळ स्तनपान करावे, असा सल्ला सरकारी भित्तिपत्रके तिला देतात. तेवढ्या दिवसांवर ही रक्कम वाटली, तर दिवसाला २८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यावर कोणती बाई रोजगार सोडून घरी बसेल?

हे अनुदान निदान सहा महिन्यांच्या किमान शेतमजुरीशी जोडावयास हवे, त्याचा पहिला हप्ता प्रसूतीपूर्वीच हाती पडावयास हवा, आणि दुसऱ्या अपत्याच्या वेळी मुलगा की मुलगी हे पाहून ते देण्याची अटही काढून टाकावयास हवी.