‘सावकारी पाश’चा शोध घ्या

प्रति,
प्रमुख, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे
संचालक, सांस्कृतिक कार्य संचालनालय, मुंबई
जिल्हाधिकारी, रत्नागिरी



‘सावकारी पाश’ या मूकपटाला २०२५ साली शंभर वर्षे झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो; हे नाव मात्र जाणकारांपलीकडे फारसे कुणी घेत नाही. म्हणून हे पत्र.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी तो केला. कथा नारायण हरी आपटे यांची. पडद्यावर देवादिकांची चलती असताना बाबूरावांनी कॅमेरा कर्जबाजारी शेतकऱ्याच्या झोपडीकडे वळवला. सावकार जमीन गिळतो, शेतकरी शहरात जाऊन गिरणीत राबतो, एवढीच गोष्ट. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. त्यातला झोपडीचा प्रसंग चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना कित्येक वर्षांनंतरही आठवत होता: मंद उजेड आणि कुत्र्याचे रडणे. मूकपटातले कुत्र्याचे रडणे प्रेक्षकाच्या कानात राहते, यावरून त्या छायाप्रकाशाची ताकद कळते.

त्या वेळच्या प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरवली. तरीही १९३६ साली बाबूरावांनी हाच विषय बोलपटात पुन्हा मांडला. ‘दो बिघा जमीन’ या हिंदी चित्रपटातला शेतकरी कलकत्त्याला निघाला १९५३ साली. बाबूरावांचा शेतकरी त्याच्या २८ वर्षे आधी शहरात पोचला होता.

कोल्हापूर घाटावरचे, मग रत्नागिरीकराने याची काळजी का करावी? कारण गिरणीकडे जाणारी ती वाट आमच्या घराघरातून गेली आहे. गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताचे देणे, पोटापुरतेही न पिकणारी वरकस जमीन, बोटीने मुंबई, गिरणगावातली दाटीवाटीची खोली आणि गावी येणारी मनीऑर्डर, यांवर या जिल्ह्याच्या पिढ्या जगल्या. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली. त्याआधी पाव शतक हे दुःख पडद्यावर मांडणारा चित्रपट आमचाही आहे.

आज त्याची प्रत उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती चटकन पेट घेते, दमट हवेत चिकटते आणि शेवटी तिची भुकटी होते. पुण्याचे संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर बहुतेक मूकपट गेले होते. पण शोध संपला असे मानू नये.

तीन मागण्या आहेत. जिल्हा प्रशासनाने आणि संग्रहालयाने मिळून जुनी थिएटरे, वाडे आणि माळे यांतील रिळे, जाहिराती, हस्तपत्रके व छायाचित्रे नोंदवण्याची मोहीम काढावी. जे मिळेल त्याच्या डिजिटल प्रती सर्वांना पाहता याव्यात. आणि रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात बाबूरावांच्या कामाचे प्रदर्शन भरवून, गिरणीत राबलेल्या माणसांना व त्यांच्या मुलानातवंडांना सन्मानाने बोलवावे.

वाचकांनाही विनंती: माळ्यावर जुने रीळ सापडले तर ते भंगारात देऊ नका, घरी चालवून पाहू नका, आगीपासून दूर ठेवा आणि संग्रहालयाला कळवा.

आपला,
एक रत्नागिरीकर प्रेक्षक